बोट काढा की त्यावरचं!

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, म्हणून जरा सावकाश लिहितोय. माझा घडीचा चाकू तुम्ही मार्गी लावलात, त्याबद्दल समोरासमोर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही "चहा घेणार न्हवं?" म्हणून विषय तोडलात. दुसऱ्यांदा सरळ लेथ सुरू केलंत. मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येईना. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय.

तो चाकू माझ्याकडे आला गेल्या दिवाळीत. माझी पन्नाशी झाली म्हणून अमेरिकेतल्या धाकट्या भावानं आणला. मला वाटलं, घड्याळ असेल. पेटीत निघाला घडीचा चाकू, राखाडी टायटॅनियमची मूठ, पातं साडेतीन इंचांहून थोडं जास्त, वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅम. सोबत ग्रीसची नळी, स्क्रू ढिले होऊ न देणाऱ्या लॉकटाइटची नळी, ॲलन की आणि एक कार्ड, ज्यावर तो चाकू कधी तयार झाला ती तारीख. बायको म्हणाली, "चाकूला जन्मदाखला! आपल्या लेकाचा काढायला किती हेलपाटे घातले, आठवतंय?" किंमत इथं लिहीत नाही, कारण हे पत्र घरीही वाचलं जाणार आहे. पाच आकडी आहे, एवढंच तुमच्यापुरतं.

नाव सेबेन्झा. झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. बनवणारा ख्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. 1989 साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइझी गावात गेला आणि तिथं त्यानं कारखाना थाटला. चाकूच्या धंद्यात यायच्या आधी तो टूल अँड डायचं, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे घडवायचं काम शिकलेला. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मग आपल्यातलाच की." यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवारांच्या या कोल्हापुरात याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं मिळायचं?

पण तुमच्याकडे येईपर्यंत माझं आणि त्या चाकूचं पटत नव्हतं, हे कबूल करतो. एवढी महागाची वस्तू, आणि उघडता उघडेना. अंगठ्यानं त्या बारक्या खुंटीला रेटा दिला की पातं अर्ध्यावर अडायचं. अंगठ्याची साल गेली. बँकेत एकदा पार्सल फोडायला काढला, तर दोन्ही हात लावून, दात-ओठ खाऊन उघडावा लागला. शिपाई म्हणाला, "सायेब, आमचा पंधरा रुपयाचा कटर आणू काय?" घरात त्याचं नाव रामपुरी पडलं ते पडलंच. लेकाला निराळीच काळजी, पोलिसांनी धरलं तर? त्याला नियम वाचून दाखवला. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला परवाना लागतो, तोही घरगुती किंवा शेतीच्या कामाचं नसेल तर. आपलं पातं त्याच्या निम्म्याएवढंही नाही. तरी अंबाबाईच्या देवळात आणि विमानतळावर जाताना मी तो घरीच ठेवतो. नियमापेक्षा दारावरच्या माणसाशी हुज्जत नको.

घट्ट आहे म्हणून मी ॲलन की घेऊन मधला स्क्रू ढिला करत बसलो. पाव फेरा, अर्धा फेरा. फरक शून्य, उलट पातं डुगडुगायला लागलं. मग एका दुकानात दाखवला. नाव सांगत नाही. तिथला पोरगा म्हणाला, "लॉकची पट्टी थोडी घासून देतो, लोण्यासारखा चालेल." दोनशे रुपये सांगितले. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात वीज गेली. महावितरणचे आभार मी आजवर कधी मानले नव्हते, तेही या पत्रात उरकून घेतो.

आणि मग संक्रांत आली. तिळगुळासाठी मार्केट यार्डातून एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे लहान ढेप, आणलेला. बायकोनं विळी काढली. मी म्हटलं, थांब, आज याला काम देऊ. गूळ नवा, चिकट, उन्हानं जरा मऊ पडलेला. पातं आत घुसलं ते छान, पण बाहेर काढताना मुठीपर्यंत गूळ. पुसला आणि मिटला. दुसऱ्या दिवशी बघतो तर चाकू लोखंडाच्या तुकड्यासारखा गच्च. मी शिलाई मशीनचं तेल सोडलं. भरपूर सोडलं. त्यानं गूळ आणखी आत गेला आणि खिशाला डाग पडला तो पडलाच.

तेव्हा बँकेतल्या एकानं तुमचा पत्ता दिला. उद्यमनगरात बोळाच्या तोंडाला चहाची टपरी, तिच्या मागे तुमचं शेड. पंपाचे बुश आणि जुन्या इंजिनांचे पार्ट यांच्यामधे तुम्ही स्टुलावर बसलेले. मी चाकू पुढे केला आणि त्याची कुळकथा सुरू केली. तुम्ही ऐकत नव्हता. हात कापडाला पुसलेत, चष्मा कपाळावरून खाली ओढलात आणि मिटलेला चाकू दाराच्या उजेडाकडे धरून फटीतून बघितलंत.

"दोन्हीकडं सारखी फट हाय बघा. नाद खुळा काम." मग नाकाजवळ नेलात. "गूळ?"

"हो."

"आन वर तेल?"

"हो."

"सायेब, गूळ तेलात विरघळतो व्हय?"

माझी बी.कॉम.ची पदवी त्या क्षणी फुकट गेली. तुम्ही टपरीवरून किटलीभर उकळतं पाणी मागवलंत. स्टीलच्या ताटलीत एकेक सुटा भाग ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं मांडलात, स्क्रू, पिन, दोन पत्र्याएवढ्या पातळ तांबूस चकत्या. एक चकती बोटाच्या टोकावर घेऊन म्हणालात, "फॉस्फर ब्राँझ. आपण पंपाच्या बुशला वापरतो तेच." नंतर मधली बारीक नळी दाखवलीत. "आन ह्यो बुश. स्क्रू ह्या बुशवर जाऊन बसतो, पात्यावर न्हाई. कितीबी आवळा, पातं मोकळंच ऱ्हाणार. ढिला केलासा तर नुसतं डुगडुगंल." म्हणजे दोन महिने मी ज्या स्क्रूशी झटत होतो, त्याचा या भांडणाशी संबंधच नव्हता.

गरम पाण्यात सगळा गूळ पाच मिनिटांत सुटला. कोरडं करून मोहरीएवढं ग्रीस. जोडला. स्क्रू आवळला. माझ्या हातात दिलात. मी अंगठा लावला. पुन्हा घट्ट!

मला वाटलं, आता तुम्हीही कानस काढणार. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होता.

"बोट काढा की त्यावरचं!"

"कशावरचं?"

"ती पट्टी बघा. मुठीच्या पत्र्यातनंच कापून काढलीया. पातं उघडलं की ती मागनं आडवी येती, म्हणून मिटत न्हाई. मिटलेलं असलं की तिची गोळी पात्यावर दाबून असती. तुमची चार बोटं त्या पट्टीवर. म्हंजे तुम्ही ब्रेक दाबून गाडी ढकलालाय."

मी बोटं मुठीच्या कडेला सरकवली. अंगठा लावला. पातं गेलं. टक्. आवाज एवढा नेमका की शेजारच्या ड्रिलवरचा पोरगा वळून बघायला लागला. मी मिटला, पुन्हा उघडला. टक्. तुम्ही एव्हाना दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बुशला माप लावत होता. मी तिथंच उभा राहून निदान वीस वेळा उघडला-मिटला असेल. "चाकू घट्ट न्हवता सायेब, तुम्हीच दाबून धरलासा," हे तुम्ही कॅलिपरकडे बघत म्हणालात.

पैसे विचारले तर म्हणालात, "कशाचं? केलंय काय मी?" चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. मिस्त्री, खरं तर याच गोष्टीसाठी हे पत्र आहे. तुमच्या हाताशी कानस होती, ग्राइंडर होता, आणि समोर काहीतरी करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक होतं. ती पट्टी एकदा घासली असती तर परत भरता येत नव्हती. लॉक कधी धरला असता, कधी सुटला असता, आणि सुटला असता तो माझ्या बोटांवर. तुम्ही कशालाच हात लावला नाहीत. हे पैशात कसं मोजायचं मला कळलं नाही, म्हणून मी मार्चमध्ये पुन्हा आलो.

त्या वेळी धार गेलेली. माझ्याच मेहरबानीनं. घरात आलेला प्रत्येक खोका मी आनंदानं कापत सुटलो होतो, आणि पुठ्ठ्यात बारीक कचकच असते, ती धार खाते हे मला कुठं ठाऊक! लक्ष्मीपुरीत सायकलवर सहाण फिरवणाऱ्याकडे निघालो होतो, निघताना सहज तुम्हाला फोन लावला. "त्या चाकावर लावलासा तर माझ्या दारात यायचं न्हाई," एवढं बोलून फोन ठेवलात. कारण शेडवर गेल्यावर कळलं. धारेचं टोक केसाएवढं, फिरत्या दगडावर ते क्षणात तापतं, हाताला पत्ताही लागत नाही आणि पाणी उतरतं. वरून चकाकतं, आतून मऊ.

आणि हे पोलाद साधं नाही, हे मी वाचून आलो होतो. एस45व्हीएन. पावडरपासून केलेलं, 16 टक्के क्रोमियम, 3 टक्के व्हॅनेडियम. त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कडक, म्हणून दगडच झिजायला लागतो. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि ड्रॉवरमधून डाय पॉलिशची डायमंडची पट्टी काढलीत. "मग हिऱ्यानं लावू. एवढं सांगायला किती बोलतायसा?"

पुढचे पाच रविवार मी तुमच्या शेडवर होतो. घरी सांगितलं होतं रंकाळ्यावर फिरायला जातो.

तुमची ती निळ्या रंगाची युक्ती मी जन्मात विसरणार नाही. घडवायच्या भागावर मार्किंगला लावता तो रंग तुम्ही धारेच्या दोन्ही अंगांना लावलात आणि म्हणालात, आता घासा, रंग कुठला जातोय तेवढं बघा. पहिल्या रविवारी माझा रंग गेला वरच्या कडेचा. ऐन धारेपाशी निळी रेघ जशीच्या तशी. म्हणजे अर्धा तास मी पातं नुसतं गोंजारत होतो, धारेला स्पर्शच नाही. दुसऱ्या रविवारी पात्याच्या बुडाशी रंग गेला, टोकाकडे राहिला, कारण टोक आलं की माझं मनगट उचलत नव्हतं. तिसऱ्या रविवारी तुम्ही माझं कोपर धरून ठेवलंत आणि म्हणालात, हात नको हलवू, कमरेतनं हल. (त्या दिवसापासून मला तुम्ही अरे-तुरे करायला लागलात, नंतर परत साहेब झालो. मला अरे-तुरेच बरं वाटलं होतं.) चौथ्या रविवारी निळा रंग सगळा एकसारखा उतरला आणि पलीकडच्या अंगाला नख फिरवल्यावर अगदी बारीक खरखर लागली. बर आली होती, म्हणजे धारेची बारीक कड पलीकडे वळली होती. ती पलटवायची, पुन्हा पलटवायची, दर वेळी हात हलका करत. शेवटी सुभाषनगरातून आणलेला चपलेच्या कातड्याचा तुकडा, त्यावर पातं उलटं ओढायचं. पेपरचा कागद हवेत धरून त्यावर पातं टेकवलं. तो फाटला नाही, कापला गेला. आवाज अगदी हलका, सुऽऽ असा.

आता तो रोज खिशात असतो. पेरू, पार्सल, सुतळी, औषधाच्या पट्ट्या. मूठ इतकी ओरखडली आहे की भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तो हळहळला. मला मात्र पहिले दोन महिने मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला चाकू दुसऱ्याचा वाटायचा, हा माझा वाटतो. पातंही आता मोकळं चालतं. मिटताना पट्टी बाजूला केली की आपल्या वजनानं खाली येतं. पहिल्यांदा तसं आलं तेव्हा मी घाबरून तुम्हाला फोन केला, काही ढिलं झालं का म्हणून. "त्याला सवय लागली," म्हणालात. "तुम्हाला कवा लागती बघू."

परवा शिपायाच्या पोरानं तो हातात घेतला. अंगठा लावला, दात-ओठ खाल्ले. मी कशात तरी डोकं घातल्यासारखं केलं आणि म्हटलं, "बोट काढ की त्यावरचं." कधीपासून हे वाक्य कुणाला तरी म्हणायचं होतं.

गूळ मात्र आता विळीनंच कापतात आमच्याकडे.

जाता जाता एक. तुमची ती निळ्या रंगाची बाटली चुकून माझ्या पिशवीतून घरी आली आहे. बायकोनं शाई समजून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती, त्यामुळे सापडायला वेळ लागला. येत्या रविवारी घेऊन येतो. तेवढा वेळ लेथ बंद ठेवा.

तुमचा,
शाहूपुरीचा बँकवाला