एका शब्दापाशी अडकलोय

प्रिय सुहास,

प्रभूमध्ये सलाम. तीन महिने पत्र नाही, शिव्या घाल. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

शुक्रवारी मंगोलियाचं प्रार्थनापत्रक वाटायचंय आणि मी एका शब्दापाशी अडकलोय. मंडळीत विचारलं तर म्हणतील, देव तो देव. म्हणून तुला लिहितोय.

शेवटची ओळ मंगोलियनमध्ये म्हणवून घ्यायची आहे. देवाला 'बुरखान' म्हणू की 'येर्तोंत्सीन एझेन'? 1990 च्या नव्या करारात दुसरा शब्द आहे, म्हणजे विश्वाचा धनी. 2000 साली आलेल्या संपूर्ण बायबलात बुरखान. पण बुरखान म्हणजे बुद्धही! एकाला त्यात मूर्ती दिसते, दुसऱ्याला तो धनी लांबलचक आणि परका वाटतो. तिथल्या ख्रिस्ती लोकांतच यावर एकमत नाही, आणि ते आहेत तरी किती? 2020 च्या जनगणनेत सव्वा टक्क्याच्या आसपास. आपण इथं बसून एक शब्द छापला की बाजू घेतलीच. तू म्हणशील, दोन्ही छाप. पेटी की कीबोर्ड या भांडणातही तू दोन्ही आणलीस, आणि नाताळात सूर कुणाचाच लागला नाही.

बाकीचा मसुदाही धड नव्हता. 'चीनमधील मंगोलिया' असं कुणीतरी लिहिलं होतं. तो आतला मंगोलिया, चीनचा स्वायत्त प्रदेश; आपला विषय उलानबातर राजधानी असलेला देश. 'झुद'साठी, म्हणजे कळपच्या कळप मारणाऱ्या हिवाळ्यासाठी, फक्त जानेवारीत प्रार्थना ठेवली होती. पांढऱ्या झुदात बर्फ इतकं साचतं की गवत गाडलं जातं. लोखंडी झुदात ते वितळून पुन्हा गोठतं, वर कडक पापुद्रा धरतो आणि मेंढीला खुरानं उकरता येत नाही. त्याआधी उन्हाळा कोरडा गेला असेल तर अंगावर चरबीच नसते. हाडं झालेली जनावरं मरतात ती वसंतात, म्हणून यादी मेपर्यंत न्यायला हवी. 2023-24 च्या हिवाळ्यात 70 लाखांहून जास्त गेली. कळप गेला की कुटुंब उलानबातरच्या कडेला गेर, म्हणजे गोल तंबू, ठोकतं आणि हिवाळाभर शेगडीत कोळसा जाळतं. म्हणून झुदाच्या खाली लगेच धुराची ओळ घेतली.

'बौद्ध अंधारातून सोडव' हे मी खोडलं. तो कागद तिथल्या कुणाच्या हाती पडला तर त्याच्या आजीचा अपमान होईल. तुला पटणार नाही, माहीत आहे.

धाकटीचा निकाल कळव. नवं घर कसं आहे? वहिनींना सलाम. आणि बुधवारच्या आत एकच शब्द पाठव, दोन नकोत.

तुझा,
विजय