साउंडवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव घालत नाही. तशी तंबीच आहे तुमची. प्रभात रोडच्या एका गल्लीत राहणाऱ्या, उभी हयात सिनेमाच्या साउंडमध्ये घालवलेल्या माणसाला हे पत्र आहे, एवढं पुरे. त्यावरून तुमच्या सोसायटीतल्यांनी ओळखलंच, तर माझा इलाज नाही.

कमी पैशांत केलेल्या, धड कुठल्याच साच्यात न बसणाऱ्या भयपटांवर मी लिहायला लागले, तेव्हा बाकीचे विचारायचे, "घाबरलीस का?" तुम्ही विचारलंत, "कितव्या मिनिटाला?" तेव्हापासून माझ्या वहीत डावीकडे वेळ असते आणि उजवीकडे तेव्हा काय दिसलं, काय ऐकू आलं. मत शेवटी, तेही जमलं तर.

'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) तुम्हीच दाखवलात. हर्क हार्वी कॅन्ससमध्ये शैक्षणिक आणि कारखान्यांसाठीच्या फिल्म करायचा. सॉल्ट लेक सिटीजवळचा ओसाड सॉल्टेअर पॅव्हिलियन त्याच्या नजरेस पडला आणि त्यातून हा सिनेमा निघाला. पूर्ण लांबीचा त्याचा एकुलता एक. नायिका कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूममधून बाहेर येते आणि दुकानाचा आवाजच गेलेला. माणसं आहेत, पण तिला ती ऐकू येत नाहीत आणि त्यांना ही दिसत नाही. पुढे बागेत झाडाशी उभी असताना पाखरं ऐकू येतात नि जग पुन्हा सुरू होतं. हा तुकडा दुसऱ्यांदा लावताना तुम्ही मला टीव्हीकडे पाठ करून बसवलंत. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिला शिक्षा केलीय का?"

"आपल्याकडे आवाज गेला की पब्लिक शिट्ट्या मारतं," तुम्ही म्हणालात. "या गड्यानं त्यातूनच भीती काढली. खर्च शून्य." माझ्या परीक्षणाचा तो अख्खा परिच्छेद तुमचा आहे, हे आज जाहीरपणे सांगून टाकते.

आणि रूम टोन! शूटिंग आटोपलं की सगळ्यांना गप्प उभं करून नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घेतात, हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या हॉलमध्ये हेडफोन लावून तुम्ही तो मला ऐकवलात: फ्रीजची घरघर, पंख्याची कुरकुर, लांबून लॉ कॉलेज रोडचे हॉर्न. शांतता म्हणतात ती कशाकशाची बनलेली असते ते त्या दिवशी कळलं. आता एखाद्या सिनेमात खोली 'मुकी' वाटली, तर ती कुणीतरी मुद्दाम तशी केली का, हे आधी तपासते.

म्हणूनच 'स्किनामरिंक'वर लिहिता आलं. काइल एडवर्ड बॉलनं २०२२ चा हा सिनेमा एडमंटनमध्ये, स्वतःच्या लहानपणच्या घरात, साधारण १५ हजार डॉलरमध्ये केला. चेहरे जवळजवळ नाहीतच. छत, दाराची चौकट, कार्पेटवरची खेळणी, टीव्हीचा उजेड. पोरं इतकं हळू कुजबुजतात की मधूनमधून खाली सबटायटल द्यावं लागतं. 'काही घडतच नाही' म्हणून अनेकांनी तो निकालात काढला. मी मात्र त्यातल्या चार वर्षांच्या पोराला काय दिसतं आणि त्याच्या कानावर काय पडतं, तेवढंच लिहिलं, आणि संपादकांनी एक ओळही कापली नाही. (हे क्वचितच होतं, तुम्हाला ठाऊक आहे.)

एका बाबतीत मात्र तुमचं-माझं जमलेलं नाही. तो सिनेमा शंभर मिनिटांचा आहे आणि माझ्या मते सत्तरमध्ये भागलं असतं. तुमचं म्हणणं, कंटाळा आल्याशिवाय कान उघडत नाहीत. माझे कान तिसाव्या मिनिटालाच उघडले होते, काका. वहीत वेळ लिहिलेली आहे. रविवारी घेऊन येते. भास्कर हजारिकांचा 'कोथानोदी'ही बघायचाय, त्यात एक फळ गडगडत बाईच्या मागे मागे जातं. तेव्हा हेडफोन दोन काढून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची