फायरवॉलची मेमरी भरली म्हणून घाबरवता, मग स्वॅपचे आकडे पण दाखवा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या सोसायट्यांच्या, क्लबांच्या, वाचनालयांच्या वार्षिक सभांचे दिवस आहेत आणि अंदाजपत्रकात हल्ली एक नवीन ओळ दिसायला लागलीय, "फायरवॉल बदलणे". कारण विचारलं की सेक्रेटरी मोबाईलवर एक स्क्रीनशॉट दाखवतात, त्यात मेमरी (म्हणजे रॅम) ८७ टक्के, पट्टी लाल, आणि खाली स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ४ टक्के. खजिनदार बिचारे काय बोलणार, लाल दिसतंय म्हणजे वाईटच असणार, ठराव मंजूर, चहा आला, सभा संपली. मी फोंड्याच्या बाजूला नेटवर्कचीच कामं करतो, म्हणजे नवीन बॉक्स विकला गेला तर आमच्याच धंद्याचा फायदा, तरी पण हे लिहितोय कारण त्या एका स्क्रीनशॉटवरून बॉक्स आजारी आहे की ठणठणीत हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

फायरवॉल म्हणजे बाहेरचं नेट आणि आतले कॉम्प्युटर यांच्या मधे बसणारी पेटी, आत तिच्या साधा कॉम्प्युटरच असतो. आपल्याकडे छोट्या ऑफिसांत, हॉटेलांत पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स ही फायरवॉलची सॉफ्टवेअर खूप चालतात कारण लायसन्सचा खर्च नाही. २००४ मध्ये मोनोवॉल नावाच्या प्रोजेक्टमधून पीएफसेन्स निघालं आणि २०१५ मध्ये त्यातून ओपीएनसेन्स वेगळं झालं, दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. मी मुख्यतः यांच्याबद्दल बोलतोय, बाकीच्यांचं पुढे सांगतो.

आता मेमरी. फ्रीबीएसडी मेमरीचे नुसते "वापरलेली" आणि "रिकामी" असे दोन भाग करत नाही. ॲक्टिव्ह म्हणजे आत्ताच वापरात असलेली, इनॲक्टिव्ह म्हणजे बराच वेळ कुणी हात न लावलेली पण कामाला येईल म्हणून ठेवलेली, लाँड्री म्हणजे डिस्कवर लिहून झाल्याशिवाय मोकळी करता येत नाही अशी, वायर्ड म्हणजे कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) धरून ठेवलेली, आणि उरलेली फ्री. फ्रीचा आकडा बारीक दिसला की लोक घाबरतात, पण रिकामी रॅम तशीच पडू देऊन करायचं काय, पैसे देऊन घेतलीय ना ती? सिस्टीम ती भरूनच ठेवते, गरज लागली की इनॲक्टिव्हमधली काढून देते. आपल्याकडे पावसाच्या आधी पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खोली भरलेली असते, ती बघून घरात जागा नाही म्हणून कोणी नवीन घर बांधायला घेत नाही.

त्यात झेडएफएसची भानगड आहे. २०२२ च्या २.६ व्हर्जनपासून पीएफसेन्स इन्स्टॉल करताना झेडएफएस हीच डिफॉल्ट फाईलसिस्टीम येते, आणि तिचा एआरसी नावाचा कॅशे (डिस्कवरचं पुन्हा लागेल ते रॅममध्ये हाताशी ठेवायचा साठा) वायर्ड मेमरीत मोजला जातो. डॅशबोर्डवरची टक्केवारी काढताना इनॲक्टिव्ह आणि फ्री वजा होतं पण वायर्ड वजा होत नाही, म्हणजे हा कॅशे पण "वापरलेली मेमरी" म्हणूनच दिसतो, जरी दुसऱ्या कुणाला मेमरी हवी झाली की एआरसी आपला आकार कमी करतो. त्यामुळे तोच बॉक्स, तेच काम, फक्त नवीन व्हर्जन झेडएफएसवर टाकलं आणि आकडा वर गेला, की फोन येतो, "अपडेट केल्यापासून मेमरी खातोय रे".

आणि इथेच आपल्या गोव्याची खास गोष्ट. जूनमध्ये पहिला वारा-पाऊस आला की लाईट जाते, यूपीएस दहा-पंधरा मिनिटं दम काढतो आणि मान टाकतो, लाईट आली की फायरवॉल परत सुरू होतो आणि मेमरी दाखवतो २० टक्के. सगळे खूश, "बघा, रिस्टार्ट केल्यावर कसा हलका झाला". मग दिवस जातात तसा आकडा हळूहळू वर चढतो कारण कॅशे परत भरत असतो, आणि कोणीतरी ठरवतो की याला दर रविवारी रिस्टार्ट करायचा. काही ठिकाणी चक्क टायमर लावलेले पाहिलेत मी. याने दुरुस्त काहीच होत नाही, नुसता आलेख खाली येतो, वर ज्यांनी लॉग (कामाच्या नोंदी) रॅमडिस्कवर, म्हणजे रॅममधल्याच तात्पुरत्या जागेत, ठेवलेत त्यांचे, लाईट अचानक गेली किंवा टायमरने प्लगच काढल्यासारखं केलं तर, शेवटच्या बॅकअपनंतरचे लॉग उडतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात लॉग १८० दिवस सांभाळायला सांगितलेत, उद्या एखाद्या गेस्टने हॉटेलच्या वायफायवरून काही उद्योग केला आणि चौकशी आली तर रविवारचा रिस्टार्ट दाखवणार काय?

स्वॅप हा त्याहून जास्त गैरसमजाचा विषय. रॅम कमी पडायला लागली की जी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) बराच वेळ कोणी मागितली नाहीत ती डिस्कवरच्या राखीव जागेत लिहून ठेवायची, तो स्वॅप. पण एकदा तिथे गेलेलं पान परत कोणी मागेपर्यंत तिथेच राहतं, रॅम मोकळी झाली म्हणून ते आपणहून धावत परत येत नाही. म्हणून आज सकाळी दिसलेला ४ टक्के स्वॅप हा आत्ताचा त्रास असेलच असं नाही, काल मध्यरात्रीची आठवण पण असू शकते. मध्यरात्री काय होतं? ज्यांनी सुरिकाटा किंवा स्नॉर्ट (ये-जा करणाऱ्या डेटात हल्ले शोधणारं सॉफ्टवेअर) लावलंय त्यांचे नियम बहुतेक रात्रीच अपडेट होतात, आणि लाईव्ह स्वॅप नावाचं ऑप्शन चालू असेल (नावात स्वॅप आहे पण डिस्कवरच्या या स्वॅपशी संबंध नाही) तर जुने नियम चालू ठेवूनच नवीन लोड होतात, म्हणजे थोडा वेळ दोन्ही मेमरीत, गरज जवळजवळ दुप्पट. त्या दोन-चार मिनिटांत काही निवांत पडलेली पानं स्वॅपमध्ये जातात आणि तिथेच झोपतात. नको असलेले पत्ते अडवणाऱ्या पीएफब्लॉकरच्या मोठमोठ्या याद्या अपडेट होताना पण असंच. यात बिघडलं काहीच नाही, सिस्टीमने तिचं काम केलं.

मग बिघडलं कधी म्हणायचं? स्वॅप हलत असेल तेव्हा. ऑफिस भरलेलं असताना कमांड प्रॉम्प्टवर व्हीएमस्टॅट (vmstat) ही कमांड चालवा, दर सेकंदाला एक ओळ येऊ द्या, आणि पीआय (आत येणारी पानं) आणि पीओ (बाहेर जाणारी) हे दोन कॉलम बघा (लिनक्सवाल्या फायरवॉलवर याच जागी एसआय आणि एसओ असतात). एक गंमत, पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढे दोन्ही कॉलमात शून्य-शून्य येत असेल तर स्वॅप १० टक्के असू दे नाहीतर १५, चहा प्या. आकडे सतत येत असतील, आत बाहेर आत बाहेर, तर रॅम खरंच कमी पडतेय आणि तेव्हा खर्चाची गोष्ट काढा. छोट्या बॉक्समध्ये डिस्कच्या जागी ईएमएमसी नावाची स्टोरेज चिप असते आणि तिच्यावर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते, सततचा स्वॅप तिला झिजवतो, तिथे तर लवकर लक्ष द्यायला हवं.

दुसरी खूण सिस्टीम लॉगमध्ये. तिथे "किल्ड" आणि "आऊट ऑफ स्वॅप स्पेस" असं काही दिसलं, किंवा नवीन व्हर्जनवर "फेल्ड टू रिक्लेम मेमरी", तर तो खरा धोका, कारण रॅम आणि स्वॅप दोन्ही संपलं की फ्रीबीएसडी एखादा मोठा प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मारून टाकतो. बहुतेक वेळा कोण मरतो, सुरिकाटा, नाहीतर डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा, अनबाउंड. अनबाउंड मेला तर पाच मिनिटांत फोन येतो, नेट बंद, व्हॉट्सॲपवर बोंब. पण सुरिकाटा नुसता बघणाऱ्या मोडमध्ये असेल आणि मेला तर नेट मस्त चालू राहतं, स्पीड पण चांगला, आणि तपासणी बंद पडलीय हे महिनोन्महिने कोणाच्या गावी नसतं. मेमरीची टक्केवारी तर तेव्हा छान कमी दिसते, पट्टी हिरवी! म्हणून त्या पट्टीच्या रंगावर माझा विश्वास नाही.

पॅकेट पुढे ढकलायचं मुख्य काम कर्नलमध्ये होतं, ती मेमरी वायर्ड, ती स्वॅपमध्ये जात नाही. म्हणून "स्वॅप वापरतोय म्हणून नेट स्लो" हे वाक्य सरसकट खरं नाही, स्लो होईल ते फायरवॉलचं स्वतःचं सेटिंगचं वेबपेज, डीएनएस, प्रॉक्सी, असली वरची कामं.

हॉटेलवाल्यांसाठी आणखी एक, कारण कळंगुट-कांदोळीच्या बाजूला डिसेंबरमध्ये हाच घोळ होतो. पीएफसेन्समध्ये प्रत्येक कनेक्शनची नोंद स्टेट टेबलमध्ये होते, साधारण एक केबी एका स्टेटला, आणि आत येताना एक, बाहेर जाताना एक अशा दोन नोंदी. टेबलची कमाल मर्यादा डिफॉल्टने रॅमच्या १० टक्के, म्हणजे ४ जीबीच्या बॉक्सला जवळपास ४ लाख स्टेट, २ लाख कनेक्शन. जुन्या बॉक्सवर कोणीतरी हाताने बारीक आकडा टाकून ठेवलेला असतो, तेव्हा रॅम अर्धी रिकामी असूनही नवीन गेस्टचं नेट लागत नाही, रिसेप्शनवर परदेशी पाहुण्यांची ऑनलाईन नोंद खोळंबते आणि दोष मात्र मेमरीला. शिवाय जुळलेल्या टीसीपी कनेक्शनची डिफॉल्ट मुदत पूर्ण २४ तास, पाहुणा फोन खिशात घालून सकाळीच दाबोळी विमानतळावर गेला तरी त्याच्या काही नोंदी दुसऱ्या दिवसापर्यंत बसून राहतात. टेबल ६० टक्के भरलं की पीएफ (पीएफसेन्सच्या आतलं मूळ फायरवॉल) स्वतःच या मुदती कमी करायला लागतो, पण मर्यादाच चुकीची असेल तर तो तरी काय करणार. इथे बॉक्स बदलायचा नाही, ॲडव्हान्स्ड सेटिंगमधला एक आकडा बदलायचा.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी नाहीतर कोणी हे पत्र घेऊन भांडायला जाईल. सगळ्याच फायरवॉलमध्ये टक्केवारी दुर्लक्ष करण्यासारखी नसते. फोर्टीगेट या कंपनीच्या तयार फायरवॉलमध्ये मेमरी ८८ टक्के झाली की तो कन्झर्व्ह मोडमध्ये (मेमरी वाचवायला कामं आवरती घेण्याच्या स्थितीत) जातो, ९५ ला नवीन सेशनच घेत नाही, आणि ८२ च्या खाली आल्यावर पूर्ववत होतो, हे डिफॉल्ट आकडे. तिथे ८७ दिसलं तर मी पण खुर्चीवरून उठेन. आणि पीएफसेन्सवर सुद्धा एखादा प्रोसेस खरंच गळत असेल, म्हणजे घेतलेली मेमरी परत देत नसेल, तर टॉप कमांड रेस कॉलमवर (कोणता प्रोसेस किती रॅम धरून आहे त्या क्रमाने) लावून बघा, कॅशे कुठेतरी जाऊन सपाट होतो पण गळका प्रोसेस आठवडे गेले तरी चढतच राहतो. मग तेवढीच सर्व्हिस रिस्टार्ट करा, अपडेट करा, नको असलेलं पॅकेज काढून टाका. कित्येक ऑफिसांत एनटॉपएनजी हे नेटचा वापर दाखवणारं पॅकेज कोणीतरी एकदा हौसेने टाकलेलं असतं आणि नंतर कोणी उघडूनही बघितलेलं नसतं, मेमरी मात्र खात बसलंय.

आणि अगदी रॅम कमीच असेल तरी बऱ्याच बॉक्समध्ये रॅमची पट्टी बदलता येते. ४ ची ८ जीबी करायला येणारा खर्च आणि नवीन बॉक्स, त्याचं इन्स्टॉलेशन आणि वर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), यात किती फरक आहे ते खजिनदारांनी दुकानात एक फोन करून विचारावं. काही छोट्या बॉक्समध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही, पण ते आधी विचारायला हवं ना.

तर माझं म्हणणं एवढंच की संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी "मेमरी भरली" या कारणावर आलेल्या कोटेशनला तीन कागद जोडून मागावेत, कामाच्या वेळेतला व्हीएमस्टॅटचा निदान दहा मिनिटांचा निकाल, महिन्याभराचा मेमरीचा आलेख (पीएफसेन्सवर स्टेटसमध्ये मॉनिटरिंगला जाऊन मिळतो, त्यात वायर्ड, ॲक्टिव्ह, इनॲक्टिव्ह वेगवेगळं दिसतं) आणि सिस्टीम लॉगमध्ये किल्ड शब्द शोधून जे येईल ते. अर्ध्या तासाचं काम आहे, जो माणूस दर तीन महिन्यांनी एएमसीचे पैसे घेतो त्याला हे काढून द्यायला जड जायचं कारण नाही. कागद बघून रॅम खरंच कमी निघाली तर जरूर बदला, मी स्वतः येऊन बसवून देईन.

आपला,
एक वाचक, फोंडा