छपाईच्या गौरवात कामगार कुठे आहे?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गोव्यातील छपाईच्या परंपरेवरील आपल्या पुरवणीतला कालचा लेख वाचला. जुन्या गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, याचा अभिमान मलाही आहे. पण पानभर मजकुरात यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल एक ओळही नसावी, याचा संताप आला.

माझे यजमान फोंड्यातील एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर होते. रंग बदलला की रॉकेल किंवा थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने ब्लँकेट (शाई कागदावर उमटवणारी मशीनमधली रबरी चादर) आणि रोलर पुसायचे, तेही उघड्या हातांनी. पावसाळ्यात कागद दमट होऊ नये म्हणून खिडक्या लावून घेत, त्यामुळे सगळी वाफ आतच कोंडून राही आणि निवडणुकीच्या पत्रकांची घाई असली की त्याच हवेत रात्रही काढावी लागे. घरी येत तेव्हा डोके ठणकत असे, जेवण नको वाटे, बोटांना भेगा पडलेल्या असत. दवाखान्यातून वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. तुम्ही काम काय करता, हे मात्र एकाही डॉक्टरने विचारले नाही. रुग्णाचा व्यवसाय केसपेपरवर लिहून घेणे इतके अवघड आहे का?

थिनरमधील टोल्युइन हे रसायन मज्जासंस्थेवर परिणाम करते, हे जुनेच ज्ञान आहे. जपानमध्ये ओसाका येथील एका छापखान्यात ब्लँकेट धुणाऱ्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे 2012 मध्ये उघड झाले आणि धुण्यासाठी वापरलेल्या, शाई विरघळवणाऱ्या द्रावकातील 1,2-डायक्लोरोप्रोपेन हे रसायन कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये ठरवले. तिथेही तळघरातली कोंदट हवाच कामगारांना भोवली.

वाफ जिथे निर्माण होते तिथूनच ती ओढून बाहेर काढावी, असे 1948 च्या कारखाने कायद्याचे 14 वे कलम सांगत होते. मात्र वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असतील तरच तो कायदा लागू होई, 2020 च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने ही मर्यादा 20 वर नेली, आणि यजमानांच्या छापखान्यात तर जेमतेम चार-पाच माणसे होती. कायदा पोहोचत नसेल तिथे मालकांनी निदान मशीनपाशी एक्झॉस्ट पंखा, वापरलेल्या चिंध्यांसाठी झाकणाचा डबा आणि द्रावकाला टिकणारे हातमोजे द्यावेत. कापडी मास्क देऊन समाधान मानू नये, कारण त्याने वाफ अडत नाही.

आपले वृत्तपत्रही कुठल्या तरी यंत्रावरच छापले जाते. तिथे रोलर धुताना हवा कशी असते, हे आपल्या बातमीदाराने एका रात्री प्रत्यक्ष उभे राहून पाहावे आणि त्याच पुरवणीत छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, फोंडा