पाव शिकायला लंडनबाहेर

हॅरो, लंडन

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

पाव करायला शिकायचे माझे ठरले आहे असे मागच्या रविवारी फोनवर सांगितले, तेव्हा आईने पहिला प्रश्न नोकरीचा विचारला आणि बाबांनी लंडनचा. आईच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे: नोकरी जिथे आहे तिथेच आहे, साठलेली रजा या वर्गासाठी वापरणार आहे. बाबांचे म्हणणे मात्र असे पडले की, जी मुलगी देशाच्या राजधानीत राहते, तिने पाव शिकायला नॉटिंगहॅमशरच्या आडगावी का जावे. शिकायचे तर मोठ्या ठिकाणी शिकावे. सांगलीत शक्य होते तरी मला पुण्याला पाठवण्यामागे तुमचा हाच विचार होता आणि तेव्हा तो योग्यही होता. या खेपेला मी उलट का ठरवले, ते सविस्तर लिहिते आहे.

लंडनला चांगले वर्ग नाहीत असे मुळीच नाही. हॅकनी भागात लंडन फील्ड्स स्टेशनजवळ रेल्वेपुलाच्या कमानीखाली ई-फाइव्ह बेकहाउस नावाची बेकरी आहे. तिथे गहू स्वतः दळतात आणि लोकांना पाव करायलाही शिकवतात. टेम्स नदीच्या दक्षिणेला बरो मार्केटमध्येही अशी शाळा आहे. शिकवणारी माणसे तिथे जाणकारच असतात. अडचण आहे ती वेळेची. लंडनमध्ये जागेचे भाडे इतके चढे आहे की, एकच ओटा दिवसभरात दोन-तीन तुकड्यांना पुरवल्याशिवाय हिशेब जुळत नाही. म्हणून माझ्यासारख्या नोकरदारांसाठीचे बहुतेक वर्ग संध्याकाळचे तीन तास किंवा शनिवारची एक सकाळ एवढेच असतात. तेवढ्यात केकवर क्रीम लावायला शिकता येईल, बिस्किटे शिकता येतील, यीस्टचा साधा पावही शिकता येईल. मला शिकायचा आहे तो सॉरडो, आणि तो तीन तासांत बसत नाही.

का बसत नाही ते सांगते, कारण सगळा निर्णय त्यावरच उभा आहे. सॉरडोमध्ये पीठ, पाणी आणि मीठ याखेरीज काही नसते. फुगवण्याचे काम करते ते आंबलेल्या पिठाचे विरजण, आणि दह्याच्या विरजणासारखेच ते रोजच्या रोज राखावे लागते. आदल्या रात्री त्यात ताजे पीठ आणि पाणी घालायचे. सकाळी ते फसफसून वर आले की, समजा ५०० ग्रॅम पीठ असेल तर ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि साधारण १०० ग्रॅम विरजण घालून कणीक कालवायची. बेकरीतले लोक पीठ नेहमी १०० धरतात आणि बाकी सगळे त्याच्या टक्केवारीत सांगतात, म्हणजे इथे पाणी ७० टक्के आणि मीठ २ टक्के. बाबांना ही पद्धत आवडेल. ती कणीक पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल असते, परातीला आणि बोटांना चिकटते, आणि कोरडे पीठ भुरभुरवायचा मोह आवरावा लागतो. मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने एक बाजू उचलायची, ताणायची आणि उरलेल्या कणकेवर घडी घालायची. तिसऱ्या-चौथ्या घडीला तीच चिकट कणीक गुळगुळीत होऊन आपल्या अंगावर आकार धरू लागते. चोवीस-पंचवीस अंश तापमानात हे सगळे चार-पाच तास चालते. माझ्या स्वयंपाकघरात जानेवारीत सतरा अंशांच्या वर काटा सरकत नाही, तिथे त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यानंतर उंडा वळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पात्याने एक तिरकी चीर देऊन सुमारे २३० अंशांवर भाजायचा.

आता संध्याकाळच्या वर्गात काय होणार? शिकवणाऱ्यांनी दुपारी तयार करून ठेवलेली कणीक आपल्यापुढे येणार, आपण ती वळणार, आदल्या दिवशी दुसऱ्या कोणी वळलेला पाव भाजला जाताना पाहणार आणि घरी येणार. पण कणीक पुरेशी आंबली आहे की अजून तासभर थांबायला हवे, ही एकच गोष्ट खरे तर शिकण्यासारखी असते. ती घड्याळ पाहून कळत नाही. उंड्यावर बोट दाबल्यावर खळगा किती हळू भरून येतो, भांडे हलवल्यावर कणीक कशी थरथरते, कडेला बुडबुडे केवढे दिसतात, यावरून ती हाताला कळावी लागते, आणि त्यासाठी एकाच कणकेजवळ दोन दिवस राहिले पाहिजे. वर्ग निवडताना मी सगळीकडे तोच प्रश्न विचारला: विरजण घालण्यापासून पाव ओव्हनमधून बाहेर येईपर्यंतचे सगळे काम विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतात का? या प्रश्नाच्या उत्तरावर माझी यादी फार झपाट्याने लहान झाली.

घाईचा पाव हा या देशाचा जुना विषय आहे, आणि गंमत अशी की त्याचे उगमस्थान आमच्या घरापासून फार दूर नाही. मी रोज ज्या मेट्रोपॉलिटन मार्गाने ऑफिसला जाते, त्यावरच उलट दिशेला चॉर्लीवूड नावाचे स्टेशन आहे. तिथल्या संशोधन संस्थेत १९६१ मध्ये अशी पद्धत निघाली की, यंत्रात कणीक अवघी काही मिनिटे अतिशय जोराने घुसळायची, त्यात थोडी घट्ट चरबी आणि क जीवनसत्त्व घालायचे, म्हणजे तासन्‌तास आंबवण्याची गरज उरत नाही. इंग्लंडच्या गव्हात प्रथिने कमी, म्हणून पूर्वी पावासाठी कॅनडाचा गहू मोठ्या प्रमाणावर आणावा लागे. या पद्धतीने देशी गहू चालू लागला आणि पाव स्वस्त झाला. आज इथला सुमारे ८० टक्के पाव याच रीतीने होतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण स्वस्त पावाने अनेक घरांची न्याहारी भागवली हेही खरे. मला एवढेच म्हणायचे आहे की, ती रीत कारखान्याची आहे आणि मला हाताची शिकायची आहे.

त्या हाताच्या रीतीची राखणही राजधानीबाहेरच अधिक झाली. अँड्र्यू व्हिटली हे बीबीसीच्या रशियन विभागात काम करणारे गृहस्थ १९७६ मध्ये लंडन सोडून कंब्रिया परगण्यातल्या मेल्मर्बी या खेड्यात गेले, तिथे त्यांनी लाकडाच्या भट्टीवर बेकरी चालवली, आणि पुढे २००८ मध्ये खऱ्या पावाचा आग्रह धरणारी जी चळवळ या देशात सुरू झाली तिच्या संस्थापकांपैकी ते एक. स्वस्त जागा, जवळपासच्या शेतातले धान्य आणि घाई नसलेला दिवस, या तीन गोष्टी खेड्यात मिळत होत्या आणि लंडनमध्ये मिळत नव्हत्या, एवढेच त्यामागचे कारण असावे.

लंडनबाहेरच्या ठिकाणांपैकी बाथचा विचार मी बरेच दिवस केला. रिशार बर्तिने या मूळच्या फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या बेकरने तिथे २००५ मध्ये शाळा काढली. ओली कणीक कोरडे पीठ न लावता ओट्यावर आपटून घडी घालत मळायची त्यांची पद्धत सगळीकडे नावाजली गेली आहे. परंतु बाथ हे पर्यटकांचे गाव, तिथे दोन रात्री राहायचे म्हणजे खोलीचे भाडे लंडनच्या तोंडात मारणारे. यॉर्कशरमधल्या हॅरोगेटला बेट्टीज या प्रसिद्ध चहागृहाची पाककलेची शाळा आहे. एका स्विस मिठाईवाल्याने १९१९ मध्ये हे चहागृह सुरू केले आणि अजूनही तिथे चहाच्या टेबलासाठी लोक रांग लावतात. मला ते गाव आवडते, पण त्या शाळेचे नाव घेतले की माझ्यासारखीच्या मनात केक आणि पेस्ट्रीच आधी येतात.

राहता राहिले वेल्बेक. नॉटिंगहॅमशरच्या उत्तर टोकाला, शेरवुडच्या जंगलाला लागून, वेल्बेक नावाची जुनी सरदारी जहागीर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या पाचव्या ड्यूकला माणसांत मिसळायचा इतका कंटाळा होता की, त्याने जमिनीखाली लांबच लांब बोगदे आणि एक भलामोठा दिवाणखाना खणून घेतला. बाबांना अशी माणसे आवडतात म्हणून सांगते. त्याच जहागिरीतल्या जुन्या इमारतींमध्ये २००९ पासून स्कूल ऑफ आर्टिझन फूड ही शाळा चालते. ती नफ्यासाठी चालवलेली नाही. पाव, चीज, मांस टिकवणे, असे हाताने अन्न करण्याचे प्रकार तिथे शिकवतात, आणि त्याच जहागिरीत २००६ पासून कच्च्या दुधाचे स्टिचेल्टन नावाचे निळसर चीज तयार होते. मी निवडलेला वर्ग एका दिवसाचा नाही. आदल्या दिवशी वळलेला स्वतःचा उंडा दुसऱ्या दिवशी स्वतः भाजायचा, हे मी नोंदणीपूर्वी विचारून घेतले. लाकडाच्या भट्टीत भाजणेही तिथे शिकवतात. तो वर्ग पुढे कधी तरी करीन. मे महिन्यात आई रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची आणि पावाच्या लाद्या निघून भट्टी जरा उतरली की मगच तिथला माणूस नानकटाईचे पत्रे आत सरकवायचा, ते मला चांगले आठवते. उतरत्या आचेचे तेच गणित इथले लोक आता पैसे देऊन शिकतात.

आई, तुझ्या मनातले प्रश्नही मी आधीच विचारून ठेवले आहेत. या पावात अंडे नसते. अंडे असते ते ब्रिओशसारख्या गोडसर पावात, आणि तो या वर्गात नाही. मांसाचे वर्ग त्याच शाळेत होतात हे खरे, पण ते वेगळे वर्ग आहेत. जेवण शाकाहारी हवे असे नोंदणीत लिहिले आहे. वर्गात मी वयाने सर्वांत मोठी असेन अशी तुझी कल्पना असेल तर ती काढून टाक. अशा वर्गांना निवृत्त माणसे पुष्कळ येतात.

जाणे सोपे आहे. हॅरोहून किंग्ज क्रॉसला थेट गाडी जाते, तिथून रेटफर्डपर्यंत साधारण दीड तास, रेटफर्डला गाडी बदलून वर्कसॉप, आणि वर्कसॉपहून काही मैल टॅक्सी. तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते आणि वर्कसॉपमध्ये राहण्याची खोली बाथच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे. रोजचे शुल्क लंडनपेक्षा फार कमी नाही, हे प्रांजळपणे सांगते. म्हणजे पैसे वाचतात म्हणून मी तिकडे चालले आहे असे नाही, त्याच पैशात वेळ जास्त मिळतो म्हणून चालले आहे.

पुढे विकायचा विचार आहे का, असे बाबा विचारतील. इथे घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर सुरुवात करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक नगरपालिकेकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत असते. विक्रीसाठी आधीच बांधून ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक छापून चौदा ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थ ठळक दाखवण्याचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. हे मी वाचून ठेवले आहे, पण आधी पाव जमू दे.

मला खरी उत्सुकता आहे ती खपलीची. कृष्णाकाठच्या आपल्या शेतातला जो गहू पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी तुम्ही राखून ठेवता, तोच गहू इथले बेकर एमर या नावाने घेतात आणि त्याला भाव देतात. त्याची चव गोडसर आणि दाणेदार, पण त्यातले ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, दुबळे असल्यामुळे नुसत्या खपलीचा उंडा ताठ उभा राहत नाही, पसरतो. फार मळला तर तुटतोही. म्हणून बहुधा तो साच्यात भाजतात किंवा त्यात जोरकस गव्हाचे पीठ मिसळतात. किती मिसळायचे आणि पाणी किती कमी करायचे, हे मी वर्गात मुद्दाम विचारणार आहे. आपल्या गिरणीचे पीठ बारीक आणि गरम दळले जाते, त्यातला स्टार्च अधिक फुटतो आणि म्हणून ते पाणी फार पिते. पोळीला ते उत्तम, पण पावाला नको असते. इथली एमरची पिठे दगडी जात्यावरची, जरा जाडसर असतात.

बाबा, दोन गोष्टी तुम्ही मला वर्गाच्या आधी कळवा. खपलीवरची साल काढायला आता गावात वेगळे यंत्र आहे की अजून कांडूनच काढतात, आणि त्यात दाणा किती फुटतो? दुसरे, गिरणीवाल्या काकांना किलोभर खपली जाडसर, दोन फेऱ्यांत, पीठ तापू न देता दळून देता येईल का, तेवढे विचारून ठेवा. मी डिसेंबरात येईन तेव्हा आपल्याच ओट्यावर करून पाहू. आईच्या ओव्हनचा काटा बिघडला आहे असे ती म्हणत होती. तो दुरुस्त करून घ्यायला सांगा, २३० अंशांपर्यंत गेला तरच उपयोग.

तब्येतीला जपा. धाकट्याला आशीर्वाद.

तुमची लेक