१४४१६ मी स्वतः कधी लावला नाही

महोदय,

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या गावांतून येणाऱ्यांचे मी अकरा वर्षे समुपदेशन करते आहे. मागच्या पावसाळ्यात एक आई मुलाने विष घेतल्याचे सांगत होती. माझे लक्ष तिच्या पदराच्या ओल्या टोकाकडे, आणि मनात एकच : पावणेसहाची बस चुकणार. रात्री घरी आल्यावर मी घाबरले. रडू आले असते तर बरे. तेही आले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला आजार म्हटले नाही, कामावरच्या नीट न हाताळलेल्या, साचलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. ते मला रजेनंतर पटले. दीड महिना घरी बसले, परतले, आठवड्यात पुन्हा तेच. फरक पडला तो दिवसाला पाचच केसेस घ्यायचे ठरवल्यावर, आणि धारवाडच्या एक ज्येष्ठ मॅडम पंधरवड्याला फोनवर माझे ऐकू लागल्यावर.

आमच्या भागात आणखी एक भानगड. माणूस मराठीत रडतो, नोंद कन्नडमध्ये करायची, वरिष्ठांना इंग्रजीत सांगायचे. एकच दुःख तीनदा उगाळायचे!

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी कितीजणांना चिठ्ठीवर लिहून दिला. स्वतः लावायची मात्र लाज वाटली. (आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हेच असावे.) जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्यांना असा पंधरवड्याचा तास हक्काने, ड्युटीच्या वेळेत मिळावा. मॅडमचा फोन मला अजून रात्री साडेनऊला, भांडी आवरून करावा लागतो.

– एक समुपदेशक, खानापूर