पावसाळ्याच्या यादीत धुराड्याची टोपी पण घाला

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधी घराची कुठली कुठली कामं उरकून घ्यावीत ते आलंय, कौलं चाळा, पन्हळी साफ करा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघा, सगळं बरोबर आहे, पण धुराड्याचं एक अक्षर नाही. शहरातला माणूस म्हणेल आता धुराडी राहिलीत कुठं, तर त्यानं एकदा आमच्या चंदगडच्या बाजूला यावं. २०१६ ला उज्ज्वला योजना आली तेव्हापासून वाडीवस्तीवर पण सिलिंडर पोचलेत, तरी अंघोळीचं पाणी बंबातच तापतं आणि भाकरीला चूल पेटतेच. परसात काजूचं जळण पडलेलं असताना गॅसवर चार घागरी पाणी तापवणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या न्हाणीच्या बंबाचा पाइप ४ इंची, वरची टोपी गंजून पडली म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका फॅब्रिकेटरकडं नवीन करायला टाकली. त्यानं पातेलं उपडं घातल्यासारखी मस्त चकचकीत टोपी करून आणली, वरून बसवली आणि म्हणाला काका आता थेंब जाणार नाही. थेंब नाहीच गेला. पण दुसऱ्या दिवशी बंब पेटवला आणि सगळा धूर न्हाणीत, तिथून माजघरात, आई खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "आरं, पाणी गळल्यालं परवडलं, ह्यो धूर नको."

मी आधी पाइप चोंदला असेल म्हणून झाडून काढला, मग जळण ओलं असेल म्हणून बदललं, आणि शेवटी टेप घेऊन वर चढलो तेव्हा कळलं. पाइपाचं तोंड आणि टोपीचं झाकण यात फट फक्त अर्धा इंच! आता हे सातवीतलं गणित आहे बघा, ४ इंची पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ होतं साधारण साडेबारा चौरस इंच, आणि त्याचा घेर पण साडेबारा इंचच, त्यामुळं भोवतीनं अर्ध्या इंचाची फट ठेवली तर धुराला बाहेर पडायला सव्वासहा चौरस इंचच उरतात, म्हणजे निम्मा रस्ता बंद. कुठल्याही गोल पाइपाला व्यासाच्या चौथाईइतकी फट ठेवली की हिशोब जेमतेम बरोबरीत येतो, म्हणजे ४ इंचीला १ इंच, पण हे कागदावर. टोपीचे पाय मधे येतात, जाळी येते, महिन्याभरात काजळी धरते, म्हणून मी आता सरळ ३ इंच ठेवलीय.

मग पाऊस आत येणार की, असं तो फॅब्रिकेटर म्हणालाच. येतो, झाकण पाइपाएवढंच ठेवलं तर नक्की येतो, आमच्याकडचा पाऊस काय सरळ पडत नाही. पण फट जेवढी उंच तेवढंच झाकण चारी बाजूंनी पाइपाच्या बाहेर काढलं तर अगदी ४५ अंशात तिरपा आलेला पाऊस पण तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणजे ३ इंच फट, तर झाकण १० इंच व्यासाचं आणि वरून थोडं शंकूसारखं उतरतं. दिसायला लग्नातल्या अब्दागिरीसारखं दिसतं, दिसू दे.

हे सगळं मी इतकं तावातावानं लिहितोय त्याला जुनं कारण आहे. १९८३ च्या सुमाराला निर्धूर चुलींचा मोठा सरकारी कार्यक्रम निघाला तेव्हा आमच्या गल्लीत पण बऱ्याच घरी त्या चुली बसल्या. चुली चांगल्या होत्या हो. पण वरच्या टोप्या एकदोन पावसाळ्यांत वाऱ्यानं उडाल्या, मग कुणी पाइपावर डालडाचा डबा उपडा घातला, कुणी कौलाचा तुकडा ठेवून वर दगड ठेवला, धूर परत घरात यायला लागला आणि बायका म्हणाल्या कसली निर्धूर. बऱ्याच जणींनी पाइप काढून टाकले. दोष टोपीचा, नाव चुलीचं गेलं.

पत्रा कुठला घ्यावा यावर दुकानात फार गोंधळ घालतात. साधा लोखंडी पत्रा रंग मारून घेतला तर माझा दोन पावसाळे टिकला, धुरातली आंबट ओल आतून खाते आणि पाऊस बाहेरून. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, त्याहून बरा, स्वस्तात भागतो. मी यावेळी स्टेनलेस स्टील घेतलं, ३०४ नंबरच्या ग्रेडचं. इथं एक गंमत आहे, दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही म्हणजे ३०४ च, पण २०२ नंबरचं हलकं स्टील पण लोहचुंबकाला तसं चिकटत नाही! बऱ्याच फॅब्रिकेटरांकडं तपासायच्या केमिकलची बाटली असते, थेंब टाकायला सांगा आणि नाहीच म्हणाला तर बिलावर ग्रेड लिहून मागा. वेंगुर्ला-मालवणकडं अगदी समुद्राला लागून घर असेल तर ३०४ वर पण तांबूस डाग पडतात, तिथं ३१६ लागतं, ते महाग आहे.

जाळी हवीच, नाहीतर साळुंक्या उन्हाळ्यात पाइपात घरटं करतात (आमच्याकडं केलंय, पिल्लं उडेपर्यंत बंब बंद, पाणी चुलीवर). पण मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, काजळीनं चार आठवड्यांत भिंत होते. अर्ध्या इंचाच्या भोकाची लावा.

बसवताना टोपी वेल्डिंगनं कायमची चिकटवू देऊ नका, पाइप झाडायला ती निघाली पाहिजे, क्लॅम्प आणि तीन नट पुरे, नट पण स्टीलचेच. ज्यांच्याकडं जुने सिमेंटचे पाइप आहेत त्यांनी फार सांभाळा, त्यातल्या बऱ्याच पाइपांत ॲस्बेस्टॉस आहे, ग्राइंडर लावून कापायचं किंवा ड्रिल मारायचं काम नाही, ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. बाहेरून पट्टा आवळायचा, बस. आणि कौलावर चढायचं तर फळी टाकून, बंब विझवून, कोरड्या दिवशी. माझा पुतण्या न्यू जर्सीला आहे, त्याच्या फायरप्लेसच्या चिमणीला तिकडं हिशोब असा की छपराच्या बाहेर ३ फूट आणि आजूबाजूला १० फुटांत जे काय उंच असेल त्याच्या २ फूट वर. आमच्या गावातले निम्मे पाइप आढ्याच्या खालीच संपतात, त्यांना टोपी कितीही चांगली घाला वारा वरून दाबणारच.

अजून एक, धूर डोळ्यांना तरी कळतो, पण कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठला तर त्याला ना रंग ना वास. न्हाणीचं दार लावून आत अंघोळ करणाऱ्या माणसाला हे सांगायला पाहिजे, आणि तुमच्या पेपरचा खप आमच्या फॅब्रिकेटरच्या दुकानापर्यंत आहे, मी स्वतः तिथं बघितलाय.

तेव्हा पुढच्या यादीत कौलं आणि पन्हळीच्या मधे धुराड्याची टोपी एवढं घाला, फट किती ठेवायची ते पण. गेल्या वर्षीची ती पातेल्यासारखी टोपी मी टाकली नाही, उलटी करून ठेवलीय, कोंबड्या पाणी पितात त्यात.

आपला,
एक जुना वाचक, चंदगड